गाजलेले सिनेमे पाहिलेच नाहीत, आता यादी करून उरकू का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वय सव्वीस, गाव नंदुरबारकडचं, नोकरी पुण्यात. दहावीपर्यंत घरात केबल नव्हती, त्यामुळे ज्या सिनेमांवर बाकीचे वाढले ते तुमचे राहूनच गेले. डब्याच्या वेळी कुणीतरी गब्बरचा डायलॉग मारतं, तुम्ही गप्प बसता, आणि मग ‘शोले पाहिला नाहीस?’ची फैर झडते. ‘अशी ही बनवाबनवी’ तुम्हाला फक्त मीममधून माहीत. ‘सैराट’ मध्यंतरापर्यंत पाहिलाय. गेल्या महिन्यात जिद्दीने मोबाइलवर ‘शोले’ लावलात आणि तासाभरात बंद केलात. आता विचारताय की गाजलेल्या शंभरेक सिनेमांची यादी करून एकेक उरकून टाकू, की माझ्या आवडीतच काही खोट आहे?

खोटबिट काही नाही, आणि यादी तर मुळीच करू नका. सांगलीत आम्ही काही जण मिळून एक लहानसं चित्रपट मंडळ चालवतो. वाचनालयाचा हॉल, एक प्रोजेक्टर, महिन्यातून एक सिनेमा आणि नंतर चहा घेत गप्पा. त्या गप्पा चालवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे लोक सिनेमाबद्दल कसं बोलतात हे मी सिनेमांपेक्षा जास्त ऐकलंय. त्या जोरावर सांगतो, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. सिनेमा न पाहणं, पाहून न आवडणं, आणि चारचौघांत त्याबद्दल बोलता न येणं. तुम्हाला खरा त्रास तिसऱ्याचा होतोय आणि उपाय मात्र तुम्ही पहिल्यावर शोधताय. शंभर सिनेमे उरकलेत तरी एकशे एकावा कुणीतरी काढेलच.

आधी ‘पाहिलाय’ म्हणणाऱ्यांबद्दल. आमच्याकडे कुणी नवीन आलं आणि ‘शोले दहा वेळा पाहिलाय’ म्हणालं, की मी एकच विचारतो, गब्बर आणि टाकीवरचा वीरू सोडून एक प्रसंग सांगा. निम्मे लोक मौसीपाशी जातात, म्हणजे जय वीरूसाठी मागणी घालायला जातो तिथे, आणि तिथेच थांबतात. ते खोटं बोलत नसतात. त्यांनी ‘शोले’ तुकड्यातुकड्यांत घेतलाय. थोडा टीव्हीवर जेवताना, थोडा नकला करणाऱ्यांकडून, थोडा जाहिरातींतून. हे आजचंही नाही. सिनेमा 15 ऑगस्ट 1975 ला लागला आणि पुढे पॉलिडोर या रेकॉर्ड कंपनीने त्याच्या संवादांच्या तबकड्या काढल्या. गाण्यांच्या तबकड्या सगळेच काढत, ही नुसत्या संवादांची होती आणि धडाक्यात खपली. ज्या गावात थिएटर नव्हतं तिथेही भोंग्यावरून गब्बर पोचला. तेव्हा सिनेमा न पाहता तो पाठ असणारे लोक मीमच्या फार आधीपासून आहेत. तुमच्या टेबलावर त्यांचे वारसदार बसलेत एवढंच.

आता तुमचा स्वतःचा ‘शोले’. तासाभरात बंद केलात म्हणताय, म्हणजे गब्बर तुम्हाला भेटलेलाच नाही! तो तासाभरानंतर येतो. तुम्ही पाहिलात तो रेल्वेवरचा हल्ला, तुरुंगातला असरानी, सूरमा भोपालीच्या बाता, गाडीवरचं गाणं. हा सगळा भाग सव्वातीन तासांहून लांब अशा सिनेमाची ऐसपैस मांडणी आहे. तेव्हाचं तिकीट म्हणजे अख्खी संध्याकाळ. त्यात हसणं, मारामारी, गाणी, रडणं सगळं हवं, आणि प्रेक्षक उशिरा येऊन अंधारात खुर्ची शोधतोय हेही धरलेलं असे. आज ते लांबण वाटलं तर तुमचं काही चुकलेलं नाही. जेलरचा भाग मलाही लांबलेला वाटतो. आमच्या मंडळात हे बोललो की चहा गार होईपर्यंत वाद होतो.

पण मोबाइलवर पाहिलात, यावर मात्र बोलायला हवं. याच सिनेमातला एक प्रसंग घ्या. संध्याकाळ उतरलीय, जय बाहेर बसून माउथ ऑर्गन वाजवतोय आणि समोर हवेलीत विधवा राधा एकेक दिवा मालवतेय. शब्द एकही नाही. छायाचित्रकार द्वारका दिवेचा यांनी हे खऱ्या तिन्हीसांजेला टिपलं. सूर्य बुडाल्यावर आकाशात उजेड टिकतो तेवढ्या मोजक्या मिनिटांत, रोज थोडं थोडं करत. तो निळसर काळोख आणि त्यातला दिव्याचा पिवळा ठिपका हाच तिथला संवाद आहे. खिडकीशेजारी बसून फोनच्या पडद्यावर पाहिलं तर दिसतं काय? काळा चौकोन, त्यात तुमचंच तोंड. दुसरा प्रसंग ठाकूरच्या घरावरच्या हल्ल्याचा. काय होतं ते सांगत नाही. तिथली भीती पार्श्वसंगीतापेक्षा रिकाम्या झोपाळ्याच्या करकरीत आहे, आणि फोनच्या स्पीकरला ती करकर झेपत नाही. तुकड्यातुकड्यांत आणि फोनवर सिनेमा पाहणं म्हणजे एसटीच्या खिडकीतून गाव पाहणं. गाव गेलं हे कळतं, उतरलो होतो असं म्हणता येत नाही.

म्हणून कुणी ‘अमका क्लासिक बोअर झाला’ म्हटलं की मी आधी विचारतो, कशावर पाहिलात, कुणाबरोबर, किती वाजता आणि एका बैठकीत की चार? उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. सगळ्या सिनेमांना हे सारखं लागू नाही. ज्याचा जीव बोलण्यात आहे तो लहान पडद्यावरही तगतो. ज्याचा जीव उजेडात, आवाजात किंवा गर्दीत आहे त्याला पडदा मोठा नाही तर निदान खोली अंधारी आणि कानाला हेडफोन लागतो. एवढं करूनही नाही आवडला तर नाही आवडला. सगळ्यांना सगळं आवडायला ते काय आईच्या हातचं पिठलं आहे?

गाजलेपणाचा फार धाकही घेऊ नका, कारण तो शिक्का कधी आणि कसा बसतो याचा नेम नाही. ‘शोले’ लागला त्या पहिल्या आठवड्यात धंद्यातल्या जाणत्यांनी तो पडला म्हणून जाहीर केलं होतं. समीक्षकही फारसे खूश नव्हते. शेवट बदलून पुन्हा चित्रीकरण करावं का, इथपर्यंत निर्मात्यांकडे चर्चा झाली होती. मग लोकांनी एकमेकांना सांगत सांगत तो उचलला, आणि मुंबईत मिनर्व्हा थिएटरला तो पाच वर्षं चालला. उलट ‘तुंबाड’ बघा. आपल्या कोकणातल्या गावाचं नाव, राही अनिल बर्वे यांचं दिग्दर्शन. 2018 मध्ये थिएटरात फार गर्दी नव्हती. घरी बसून पाहणाऱ्यांनी सहा वर्षं त्याचं कौतुक चालवलं, सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. सिनेमा तोच होता, रीळही तेच. 2018 मध्ये ‘ठीक आहे’ म्हणून उठलेले आणि 2024 मध्ये ‘मी तेव्हाच म्हणालो होतो’ म्हणणारे यांत काही माणसंही तीच असावीत असा मला दाट संशय आहे.

‘सैराट’चं तुमचं प्रकरण वेगळं आहे, आणि तिथे मी जरा आग्रह धरणार आहे. तो अर्धा सोडण्यासारखा सिनेमा नाही, कारण पूर्वार्ध आणि उत्तरार्ध एकमेकांना छेद देतात. पूर्वार्धात करमाळ्याकडचं ते उन्हाळलेलं रान, विहिरी, बुलेटवरची आणि ट्रॅक्टरवरची आर्ची, अजय-अतुलची गाणी. 2016 च्या उन्हाळ्यात लोक पडद्यापुढे जाऊन नाचले ते याच भागात. तुम्ही मध्यंतराला थांबलात म्हणजे तुमच्याजवळ फक्त ते नाचणं आहे. नंतर आर्ची आणि परश्या हैदराबादला पोचतात आणि सिनेमा गाणी जवळजवळ मिटवून टाकतो. गावात कुणाच्या बापाला न भिणारी आर्ची झोपडपट्टीतल्या एका खोलीत पाणी आणि संडास यांनी हैराण होते, घरच्या आठवणीने रडते, मग बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते. छाया कदम यांनी केलेली सुमनअक्का तिथेच भेटते. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांना जे सांगायचंय ते ह्या भागात आहे. पहिला भाग त्याची किंमत किती ते ठरवून ठेवतो. शेवट तुम्हाला कुणीतरी सांगितलाच असेल. तरी पाहा, आणि शेवटच्या काही क्षणांत आवाजाकडे लक्ष ठेवा. आमच्या हॉलमध्ये त्यानंतर चर्चा घ्यायचा बेत होता. कुणी तोंड उघडेना, शेवटी खुर्च्या आवरायला घेतल्या.

आता हा सिनेमा न आवडणारेही माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांचं म्हणणं टाकाऊ नाही. एकाला पूर्वार्ध फार गुळगुळीत वाटला, एकीला परश्याच्या मित्रांची टवाळी नको झाली. पण त्यांनी पूर्ण पाहिलाय, म्हणून त्यांच्याशी भांडता येतं. तुमच्याशी अजून भांडताही येत नाही, ही खरी पंचाईत आहे.

‘बनवाबनवी’ तर तुम्ही पुण्यात भाड्याने राहून अजून पाहिला नाही याचंच नवल वाटतं. मीममध्ये धनंजय मान्यांचा पत्ता विचारणारं वाक्य येतं, इस्रायलचं औषध येतं, सत्तर रुपये येतात. सिनेमात या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पुण्यात जागा मिळत नाही. घरमालक सरपोतदार बाहेर काढतात, लीलाबाई काळभोरांना बिऱ्हाड जोडप्यांचंच हवं, म्हणून दोघांना साडी नेसावी लागते. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या ‘बीवी और मकान’मधली. तिला 1988 मध्ये सचिन पिळगावकर यांचं दिग्दर्शन आणि वसंत सबनीसांचे संवाद मिळाले, आणि ती इतकी पुणेरी झाली की कुणाला मूळ आठवतही नाही. दलालाने ‘फॅमिली आहे का?’ विचारलं असेल ना तुम्हाला कधी? मग अशोक सराफ घरमालकापुढे ज्या गांभीर्याने थापा मारतात ते मीमपेक्षा दुप्पट हसवेल. काही विनोद आज जुने वाटतील. पुरुषाने साडी नेसली एवढ्यावर हसायची सवय आता बरीच सुटलीय. तरी हा एकट्याने पाहायचा सिनेमा नव्हे. रूममेटना बसवा, आणि त्यात जिला तो पाठ आहे अशा एखादीला आवर्जून बोलवा. ती प्रत्येक वाक्य आधीच म्हणून दाखवेल, वैताग येईल, पण निम्मी गंमत तीच आहे.

न पाहण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. तुम्हाला वाटतं की न पाहिलेली माणसं म्हणजे मागे पडलेली. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका येतात. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ 1972 ला आला तेव्हा त्या कॉलेजात होत्या. तमाशाचा सिनेमा, मुलींनी कुठे बघायचा, म्हणून घरून सक्त मनाई. गाणी सगळी पाठ, सिनेमा नाही. तो त्यांनी साठी उलटल्यावर आमच्या हॉलमध्ये पहिल्यांदा पाहिला. बाकीचे सगळे श्रीराम लागूंच्या अभिनयावर आणि निळू फुलेंवर बोलत होते, जे आम्ही नेहमीच बोलतो. या बाई म्हणाल्या, ‘‘त्या नाचणारीनं मास्तरला नासवला, असं सगळे म्हणत आलेत. मला नाही पटलं. मास्तर पहिल्यापासून तिच्याकडे बघत होता, फक्त रागावून बघत होता.’’ इतकी वर्षं ‘पिंजरा’ पाहिलेल्या आमच्यातल्या कुणाला हे सुचलं नव्हतं. त्यांना सुचलं, कारण त्या सिनेमाबद्दल काय म्हणायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. उशिरा पाहणाऱ्याला हा फायदा असतो. तुमच्याकडे तो आत्ता आहे, यादी उरकण्याच्या नादात घालवू नका.

मग डब्याच्या वेळी करायचं काय? मी सांगतो ते फार साधं आहे. ‘शोले पाहिला नाहीस?’ आलं की ओशाळून हसू नका आणि ‘मला जुने सिनेमे नाही आवडत’ असा बचावही करू नका, कारण तो खरा नाही. तुम्ही पाहिलेलेच नाहीत. सरळ विचारा, ‘‘नाही पाहिला. तुला त्यातला कुठला सीन सगळ्यात आवडतो?’’ आता बोलायची पाळी त्यांची. ज्याने खरंच पाहिलाय तो फुलून सांगेल आणि तुम्हाला ऐकायला मजा येईल. ज्याने तुकडे पाहिलेत तो ‘अरे सगळाच भारी आहे’ म्हणून डबा उघडेल. दोन्हीत तुमचं काही जात नाही.

पाहून न आवडलेल्याचं थोडं जास्त जपून. ‘बोअर आहे’ एवढंच म्हटलंत की समोरच्याला ते स्वतःला लागतं, विशेषतः वयाने मोठा असेल तर. त्याच्या डोक्यात सिनेमा एकटा नसतो. आमचे एक सभासद आवडत्या सिनेमाबद्दल सांगायला लागले की पडद्यावरचं पाच मिनिटांत संपतं. मग कोल्हापूरचं थिएटर, रात्रीचा खेळ, चुकलेली शेवटची एसटी आणि स्टँडच्या बाकावर मित्राबरोबर काढलेली रात्र, हेच चालतं. तुम्ही त्या सिनेमाला नावं ठेवलीत तर ती त्या रात्रीला ठेवलीत असं त्यांना वाटतं. म्हणून न आवडल्याचं सांगताना जागा दाखवा. ‘‘मला पहिला तास लांबला, जेलरचं फार झालं’’ असं म्हटलं की वाद जेलरवर होतो, तुमच्या बुद्धीवर होत नाही. आवडल्याचंही तसंच. ‘जबरदस्त’, ‘मास्टरपीस’ हे शब्द आमच्या हॉलमध्ये मी हसतहसत बंद केलेत. त्याऐवजी एक प्रसंग सांगायचा. ज्यांना बोलायचं भय वाटतं तेही याने बोलायला लागतात, कारण प्रसंग सांगायला अभ्यास लागत नाही.

सुरुवात कुठून करायची हे तुमच्या सवडीवर आहे. मला विचाराल तर ‘सैराट’ आधी. पूर्वार्ध आठवत असेल तर मध्यंतराच्या पंधरा-वीस मिनिटं आधीपासून लावा, रात्री, दिवे घालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. त्यानंतर आठवडाभर दुसरा काही लावू नका. मग एखाद्या सुट्टीला रूममेटसोबत ‘बनवाबनवी’. ‘शोले’ला सध्या हातच लावू नका. जुने सिनेमे हल्ली थिएटरात पुन्हा लागत असतात, तसा तो लागला की जा. नाहीच जमलं तर कुणाच्या तरी घरच्या मोठ्या टीव्हीवर, मध्यंतर जिथे आहे तिथेच थांबून. जाता जाता, मुंबईला जाणं झालं तर मराठा मंदिर थिएटरला ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ बघा. करोनाचा काळ सोडला तर 1995 च्या ऑक्टोबरपासून तो तिथे चालू आहे, मुंबई सेंट्रलच्या एसटी स्टँडपासून चालत जाता येतं. सिनेमा आवडेल की नाही सांगता येत नाही, पण पडद्याइतकंच खुर्च्यांकडे बघा. कितव्यांदा पाहतोय हे न मोजणारे लोक तिथे भेटतील.

आणि पाहून झाल्या झाल्या फोनवर रेटिंग शोधू नका, कुणी काय लिहिलंय तेही वाचू नका. झोपा. सकाळी दात घासताना जो प्रसंग आपोआप डोळ्यांपुढे येईल तो दोन ओळींत लिहून ठेवा, तारखेसकट. काहीच आलं नाही तर तसंही लिहा.